सेल्फ मारण्याआधी

थंडीत जुना ट्रक चालू झाला नाही की पहिला आळ येतो बॅटरीवर. माझ्या धाकट्या दिराचं तर हे पालुपदच आहे, "वहिनी, सहा व्होल्टचं हे झेंगट काढा आणि बारा करून टाका. कशाला रोज सकाळी जिवाला घोर?" मी ऐकून घेते आणि करत नाही. हट्ट म्हणा हवं तर. पण माझा अनुभव असा की कमकुवत बॅटरी हा निम्माच आजार असतो. उरलेला निम्मा आपण स्वतः करतो. तिच्यात जे शिल्लक आहे ते भलत्याच ठिकाणी उधळून टाकतो आणि मग तिलाच शिव्या घालतो. महिनाअखेरीला पाकिटात जेवढं उरतं, तेवढ्यात भागवायची सवय ज्याला आहे त्याला हा ट्रक चालू करणं जड जाऊ नये.

आधी ट्रकची ओळख. १९५१ चा शेव्हरोले, अर्ध्या टनाचा. एका रांगेत सहा सिलिंडर, २१६ क्युबिक इंचांचं म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं इंजिन. पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे. बॅटरी मात्र बॉनेटखाली शोधू नका. ती ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली आहे, तिथलं पत्र्याचं झाकण उघडून वाकून बघावी लागते. जुन्या ट्रकांच्या बॅटऱ्यांची आबाळ होते ती बरीचशी या जागेमुळे. जे दिसत नाही त्याच्याकडे कोण बघतंय!

चावीने यात फक्त इग्निशन, म्हणजे ठिणगीची वीज, सुरू होतं. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटरच्या बाजूला जमिनीतून एक गोल दांडा वर आलेला आहे, तो उजव्या पायाने दाबायचा. पायाच्या जोराने आधी सेल्फचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत सरकतं आणि अगदी शेवटच्या टप्प्यात तांब्याचे जाड काँटॅक्ट जुळून करंट सुटतो. मध्ये रिले नाही, सोलेनॉइड नाही, विजेवर चालणारा कुठलाच खटका नाही. उजवा पाय सेल्फवर, डावा क्लचवर, मग रेस द्यायला तिसरा पाय कुठून आणायचा? म्हणून डॅशबोर्डवर चोकच्या जोडीला हँड थ्रॉटलची मूठ आहे. ती थोडी ओढून ठेवायची. ज्याने ही रचना केली तो नक्कीच कधीतरी गारठ्यात ट्रक घेऊन निघालेला माणूस असणार.

आता थंडी नेमकं काय करते ते. शिसं आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड ही बॅटरीची जोडी १८५९ ची, गास्तों प्लान्ते या फ्रेंच माणसाची. तेव्हापासून बॅटरीत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण मूळ रसायन तेच आहे, आणि थंडीत रसायन सुस्तावतं. अ‍ॅसिड प्लेटांच्या बारीक छिद्रांत हळू शिरतं, आतला रोध वाढतो. पूर्ण चार्ज असलेली, धडधाकट बॅटरीसुद्धा शून्य अंशाला सेल्फ फिरवण्याची ताकद साधारण दोन तृतीयांशच देते. उणे १८ ला निम्म्याहूनही कमी. बॅटरीवर जो सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) म्हणून आकडा छापतात तो याच उणे १८ अंशांचा असतो. तेवढा करंट तीस सेकंद सलग काढला तरी दर सेलमागे व्होल्टेज १.२ च्या खाली जाता कामा नये, असा त्याचा अर्थ. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल, म्हणजे ३.६ व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीला ७.२.

दुसरीकडे इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं, म्हणजे तेच इंजिन फिरवायला सेल्फ जास्त करंट मागतो. आणि १८९७ मध्ये पॉइकर्ट नावाच्या जर्मन संशोधकाने दाखवून दिलंय की करंट जितका मोठा ओढाल तितकी बॅटरीतून निघणारी एकूण वीज कमी भरते. म्हणजे थंडी आपल्याला दोन्ही बाजूंनी कापते, देणाऱ्याचा हात आखडतो आणि मागणाऱ्याची मागणी वाढते. त्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून इंजिन पेट घ्यायला जास्त फेरे खातं. ते फेरेसुद्धा बॅटरीच्याच खात्यावर.

म्हणून पहिलं काम आदल्या संध्याकाळचं. बॅटरीत आहे किती, ते मोजायचं. व्होल्टमीटर लावला तर तीन सेलची भरलेली बॅटरी ६.३ ते ६.४ व्होल्ट दाखवते, ६.१ म्हणजे जवळजवळ निम्मी रिकामी. आकड्यांतला फरक इतका बारीक आहे की मी हायड्रोमीटरवरच, म्हणजे अ‍ॅसिडचा जडपणा मोजणाऱ्या काचेच्या नळीवरच, विश्वास ठेवते. अ‍ॅसिडचं विशिष्ट गुरुत्व १.२६५ म्हणजे भरलेली, १.२२५ म्हणजे पाऊण, १.१९० म्हणजे निम्मी. पण हे आकडे साधारण २७ अंशांचे आहेत. गार अ‍ॅसिड जड असतं, त्यामुळे थंडीत हायड्रोमीटर फुकटची शाबासकी देतो. दर साडेपाच अंशांमागे ०.००४ वजा करावे लागतात. शून्य अंशाला काच १.२४५ सांगत असेल तर खरा आकडा १.२२५ धरायचा. म्हणजे पाव बॅटरी गेलेली आहे आणि आपण खुशीत.

हे मोजणं अजून एका कारणासाठी महत्त्वाचं. भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे पन्नासच्याही पुढे गोठत नाही. तेच १.१५० पर्यंत उतरलं की उणे १५ च्या आसपास गोठतं, आणि १.१०० वर उणे सातलाच. गोठलं की प्लेटा वाकतात, खोका फुटतो, बॅटरी भंगारात. गोठलेली बॅटरी चार्जरला किंवा दुसऱ्या बॅटरीला कधीही जोडायची नाही. आधी ती पूर्ण वितळू द्यायची, मग खोक्याला चीर गेली आहे का ते नीट बघायचं. आणि रात्री कडाक्याची थंडी पडणार असेल तर संध्याकाळी डिस्टिल्ड वॉटर घालून तशीच सोडून देऊ नये. पाणी हलकं, ते वरच तरंगत राहतं आणि पहिलं गोठतं. पाणी घातलं की थोडं चार्जिंग करायचं, म्हणजे ते अ‍ॅसिडात मिसळतं.

आता माझ्या आवडीचा भाग, केबल. इथे दिराशी माझं खरं भांडण आहे.

सेल्फला फिरायला लागते ती वॅटमधली ताकद. समजा थंड इंजिन फिरवायला बॅटरीकडून साधारण बाराशे वॅट लागले. सहा व्होल्टला त्याचे दोनशे अँपिअर होतात, बारा व्होल्टला शंभर. आता वाटेत कुठेतरी, गंजलेल्या क्लॅम्पवर, सैल नटाखाली, बारीक केबलमध्ये मिळून एक हजारांश ओहमच्या पाचपट रोध आहे असं धरा. आकडा किरकोळ वाटतो. पण दोनशे अँपिअर गुणिले ०.००५ म्हणजे पूर्ण एक व्होल्ट. सहातला एक व्होल्ट वाटेतच गळाला, सहावा हिस्सा! त्याच गंजाने बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट जातो, म्हणजे चोविसावा हिस्सा. सारखाच गंज, पण सहा व्होल्टच्या ट्रकला चौपट महाग पडतो. त्यामुळे बारा केलं की ट्रक चालू होतो हे दिराचं म्हणणं खरंच आहे. पण चालू होतो तो गंज तसाच ठेवून.

माझ्याकडे ट्रक आला तेव्हा आधीच्या मालकाने त्याला दिसायला छान, नवीकोरी, पण हल्लीच्या मोटारींची केबल लावलेली होती. चार गेजची, म्हणजे आतलं तांबं २१ चौरस मिलिमीटर. सहा व्होल्टच्या ट्रकला मी दोन शून्य गेजची लावते, ६७ चौरस मिलिमीटर. जायची-यायची मिळून दोन मीटर केबल धरली तर दोनशे अँपिअरला पहिलीत व्होल्टचा तिसरा हिस्सा जातो, दुसरीत दहावा. जाड केबल वाकवायला त्रास होतो, टर्मिनल दाबून बसवायला मोठं यंत्र लागतं, हे सगळं कबूल. पण एकदाच करायचं असतं.

भावजींना हे तोंडी पटेना. मग मी त्यांच्याच हातात मल्टिमीटर दिला. तपासायची होती अर्थची बाजू, म्हणजे बॅटरीची जी बाजू गाडीच्या लोखंडाला जोडलेली असते ती.

"एक टोक बॅटरीच्या खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नको. दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी."

"वहिनी, पण दोन्हीकडे अर्थच आहे की. शून्यच दाखवणार."

"मी सेल्फ दाबते, मग सांगा."

इग्निशनची वायर काढून ठेवली होती, म्हणजे इंजिन उगाच पेट घेणार नाही. मी पाय दाबला आणि खालून आवाज आला, "अहो, हे पाऊण व्होल्ट कुठून आलं?" कुठून येणार? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. बॅटरीचा अर्थ चासीला, आणि चासीपासून इंजिनला एक विणलेली पट्टी. त्या पट्टीच्या बोल्टखाली कितीतरी वर्षांचा रंग आणि गंज. ती जागा घासून चकचकीत केली, शिवाय बॅटरीपासून थेट सेल्फच्या बोल्टला वेगळी अर्थ केबल टाकली. आता तीच चाचणी व्होल्टचा दशांश-दीड दशांश दाखवते. सहा व्होल्टला दोन दशांशाच्या वर काही दिसलं तर ते सोडायचं नाही. हीच चाचणी दुसऱ्या बाजूला, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत. तिथे दोष निघाला तर बहुतेक वेळा पायाखालच्या त्या स्विचचे तांब्याचे काँटॅक्ट जळलेले असतात. काढून घासून परत बसवता येतात.

क्लॅम्पवरची पांढरी-निळसर पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. फक्त ते पाणी सेलच्या बुचांतून आत जाता कामा नये, आतल्या अ‍ॅसिडचं वाटोळं होतं. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू ब्रशने घासायची, घट्ट आवळायचं आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून मग आवळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना नमस्कार.

केबलनंतर पेट्रोल. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. ट्रक आठवडाभर उभा राहिला की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं. पेट्रोलपंप डायफ्रॅमचा, इंजिनच्या कॅमवर चालणारा. म्हणजे टाकीतून वाटीपर्यंत पेट्रोल आणायचं तर इंजिन फिरलं पाहिजे, आणि इंजिन फिरवणार कोण, तर बॅटरी. पहिला अर्धा मिनिट सेल्फ नुसता पाणक्याचं काम करतो. कमकुवत बॅटरी तिथेच संपते, ठिणगीची वेळ येते तेव्हा हाती काही उरलेलं नसतं. म्हणून मी लांब नळीची छोटी पिचकारी ठेवली आहे. वाटीला हवा खेळायला जे भोक असतं त्यातून हळूहळू पेट्रोल सोडून वाटी भरायची, सांडलं तर पुसून वाळू द्यायचं, आणि एअर क्लीनर परत जागेवर बसवूनच सेल्फला हात, म्हणजे पाय, लावायचा. एअर क्लीनर काढून थेट कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोल ओतायचं आणि कुणीतरी आत बसून सेल्फ मारायचा, हा प्रकार मी करत नाही आणि कुणी करत असेल तर तिथे उभी राहत नाही. इंजिनने उलटा फटका दिला तर ज्वाला बाहेर येते, आणि ती तोंडावर येते.

ठिणगीबद्दलही एक गोष्ट. सेल्फ फिरत असताना बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं. माझा ट्रक साडेचारच्या वर राहिला तर मी खूश असते. ठिणगी पाडणाऱ्या कॉइललाही तेवढंच मिळतं. बॅटरी चारवर आली की ठिणगी पिवळी, मरतुकडी. तुम्ही कधी अनुभवलं असेल, सेल्फ मारून मारून इंजिन पेटत नाही आणि नेमका पाय काढल्यावर एकदम खोकतं. त्याचं कारण हेच. पाय सुटला, सेल्फचा बोजा गेला, कॉइलला अचानक पूर्ण व्होल्टेज मिळालं आणि इंजिन अजून एखादा फेरा फिरतंच होतं. हे कळल्यापासून मी सेल्फ रेटत बसत नाही. पाच-सहा सेकंद दाबायचा आणि पाय झटकन सोडायचा. हळूहळू सोडला तर काँटॅक्टही जळतात आणि तो सुटतानाचा फायदाही जातो. अर्थात प्लग स्वच्छ हवेत, पॉइंट घासलेले हवेत, वायरी कोरड्या हव्यात. त्यावर वेगळं लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

ऑइलचं मात्र लिहिते. काही जण भक्तिभावाने जुन्या पद्धतीचं एकेरी ३० नंबरचं ऑइल घालतात. हिवाळ्यात ते चिकट राड होऊन बसतं. मी १०डब्ल्यू-३० घालते. यात नुसता सेल्फचा प्रश्न नाही. या २१६ इंजिनात कनेक्टिंग रॉडला खाली पळ्या आहेत, त्या सम्पमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या परातीतल्या, पन्हळीतून ऑइल उचलून बेअरिंगला देतात. ऑइल पातळ असेल तरच पळीत येणार. घट्ट ऑइलवर थंड इंजिन चालू करून वर रेस देणं म्हणजे बॅबिटच्या, त्या मऊ मिश्रधातूच्या, बेअरिंगशी वैर धरणं.

तर सकाळचा क्रम असा. बॅटरी रात्री घरात होती, ती आणून बसवायची. सहा व्होल्टची बॅटरी पंधरा-सोळा किलोची, उचलताना कंबर सांभाळावी, पण ऊब टिकवण्यासाठी याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. वीस अंशांची बॅटरी उणे पाच अंशांच्या इंजिनला जोडली की ती सेल्फला उन्हाळ्यातल्यासारखाच जोर देते. वीज जवळ असेल तर सम्पला चुंबकाने चिकटणारा हीटर दोन-तीन तास आधी लावते. पूर्वी लोक सम्पखाली ब्लोलँप धरायचे, काही जण शेकोटीच पेटवायचे. सीटमागे पेट्रोलची टाकी असलेल्या ट्रकखाली आग. असो. रेडिएटर रिकामा करून सकाळी गरम पाणी भरण्याची जुनी पद्धत त्या मानाने बरी होती, पाणी उकळतं नसेल तर. उकळतं पाणी गार बिडात पडलं की ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

मग हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, लाइट-हीटर सगळं बंद. क्लच पूर्ण दाबायचा. गिअरबॉक्समधलं ९० नंबरचं ऑइल थंडीत डांबरासारखं नाही तरी त्याच्या जवळपास जातं आणि क्लच दाबला नाही तर सेल्फला ते ढवळत बसावं लागतं. चोक पूर्ण ओढायचा, हँड थ्रॉटल बोटभर. इग्निशन बंद ठेवूनच अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबायचा, म्हणजे पंपाने थोडं पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये जातं. मग चावी, आणि मग सेल्फ. पेटलं तर उत्तम. नाही पेटलं तर थांबायचं. हे थांबणं माणसांना जमत नाही, लगेच पुन्हा दाबतात. दोन मिनिटं थांबलं की प्लेटांच्या पृष्ठभागाशी पातळ झालेल्या अ‍ॅसिडच्या जागी ताजं अ‍ॅसिड झिरपतं आणि मेल्यासारखी वाटणारी बॅटरी पुन्हा दोन-चार फेरे देते. पेट्रोलचा उग्र वास आला तर चोक आत ढकलायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि एकदाच सेल्फ मारून सिलिंडर हवेने धुवायचे.

एक समजूत बरीच पसरलेली आहे, आधी अर्धा मिनिट हेडलाइट लावले की बॅटरी "गरम होते". हिशेब करून बघा. दहा अँपिअर, सहा व्होल्ट, तीस सेकंद, म्हणजे १,८०० ज्यूल. ही सगळीच्या सगळी उष्णता बॅटरीतच राहिली असं धरलं, खरं तर ती बहुतेक दिव्यांतून बाहेर जाते, तरी पंधरा किलोची बॅटरी तापेल जेमतेम एक दशांश अंशाने. भरलेली बॅटरी असेल तर नुकसान नाही म्हणून सोडून देऊ. उतरलेल्या बॅटरीला हा उपाय म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

दुसऱ्याच्या बारा व्होल्टच्या गाडीवरून जंपर लावायचा का? लोक लावतात. सेल्फ काही सेकंद सहनही करतो, फार जोरात फिरतो इतकंच. पण त्याच वेळी तुमची सहा व्होल्टची बॅटरीही त्या बाराला जोडलेली असते. तिच्यात बेसुमार करंट घुसतो, हायड्रोजन सुटतो, आणि शेवटचा क्लॅम्प काढताना उडालेली ठिणगी पुरेशी होते. दिवे, कॉइल, मीटर यांचं होतं ते वेगळंच. मी सहाला सहाच जोडते. प्लसला प्लस, आणि मायनसचा शेवटचा क्लॅम्प बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडावर. जोडण्याआधी अर्थ कुठला आहे ते बघायचं. माझ्या शेव्हरोलेला मायनस अर्थ आहे, पण त्या काळच्या फोर्डच्या सहा व्होल्टच्या ट्रकना प्लस अर्थ असतो, आणि तिथे सवयीने जोडलं की घोटाळा. आठ व्होल्टची बॅटरीही मिळते, तडजोड म्हणून. ती नीट चार्ज व्हायची तर चार्जिंगचं व्होल्टेज ठरवणारा रेग्युलेटर वरच्या व्होल्टेजवर लावावा लागतो, मग सगळे दिवे आणि कॉइल कायमचे जास्त व्होल्टेजवर. केबल घासायचा आळस इतका महाग का करायचा?

हाताने इंजिन फिरवायच्या हँडलचं आकर्षण मला कळतं. चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, तोवर सगळे हँडलच मारत होते. १९१७ च्या फोर्ड टीटी ट्रकला तर ठिणगी फ्लायव्हीलवरच्या मॅग्नेटोतून मिळायची. बॅटरीच नाही, मग उतरणार काय! माझ्या ट्रकबरोबर हँडल आलं नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती गुंडाळायचा नाही. आणि खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनने उलटा झटका दिला की मूठ हातातून सुटून गेली पाहिजे, मनगट घेऊन नव्हे. ठिणगीचं टायमिंग हाताने मागे घेता येत असेल तर आधी ते घ्यायचं. धक्का स्टार्टही चालतो, उतार असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये. पण कॉइलपुरती तरी वीज बॅटरीत लागते, आणि गोठलेल्या रस्त्यावर मागची चाकं इंजिन फिरवण्याऐवजी नुसती घसरतात.

चालू झाला की काम संपलं असं वाटतं. क्लच एकदम सोडला तर गिअरबॉक्समधलं ते घट्ट ऑइल इंजिनचा गळा धरतं, म्हणून पाय हळूहळू उचलायचा. इंजिन सावरेल तसा चोक आत. आणि मग डॅशबोर्डवरचा अँपिअर मीटर बघायचा. या ट्रकला अल्टरनेटर नाही, डायनमो आहे, आणि डायनमो आयडलवर जवळपास काहीच देत नाही. अंगणात अर्धा तास घुरघुरत ठेवलेला ट्रक बॅटरी भरत नाही, उलट कॉइल थोडी खातेच. काटा चार्जच्या बाजूला जायला इंजिनला चांगली रेस हवी, म्हणजे ट्रक रस्त्यावर हवा. मी निदान अर्धा-पाऊण तास फिरवून आणते, दिवे न लावता, दिवसाढवळ्या. तेवढं जमणार नसेल तर त्या दिवशी ट्रक चालूच करत नाही. पाच मिनिटांत बंद केलेल्या इंजिनात पेट्रोल जळून झालेलं पाणी तसंच राहतं, प्लग ओले राहतात, सेल्फने खाल्लेली वीज भरून निघालेली नसते. परत आल्यावर हायड्रोमीटर पुन्हा बुडवायचा. १.२५० च्या खाली दिसला की बॅटरी काढून चार्जरवर, चार-पाच अँपिअरवर रात्रभर, खिडकी उघडी ठेवून, आणि चार्जरचा खटका सहावर आहे ना ते दोनदा बघून.